जुना वाडा, वाढीव बांधकाम आणि गावाची संमती

संस्थेच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेत मंदिराचा इतिहास येतो, मुनिसंघांच्या विहाराच्या आठवणी येतात, दात्यांची नामावली येते. ते सर्व यथोचितच आहे. परंतु ज्या घरांतून आपली वाडवडील मंडळी पहाटे अभिषेकास निघत, त्या घरांचा इतिहास लिहिण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपली झरी आहे. याच टापूत जिंतूरजवळ नेमगिरीची लेणी आहेत, पूर्णाकाठच्या उखळदचे व पुढे नवागडचे नेमिनाथ आहेत, आणि पलीकडे, १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, शिरड शहापूरचे मल्लिनाथ आहेत. या क्षेत्रांच्या जीर्णोद्धारासाठी समाजाने वेळोवेळी हात सैल सोडला. क्षेत्रांच्या मधोमध वसलेल्या गावांतील वाडे मात्र प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे सांभाळले, विकले, अथवा पडू दिले.

आज हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे आहे. एक भाऊ गावी, दुसरा परभणीस, तिसरा पुण्यास. माळवद गळते, ढेलजेची तुळई वाकली आहे, मुलाच्या लग्नानंतर वरती दोन खोल्या हव्या आहेत. कोणी म्हणतो पाडून नवे बांधू, कोणी म्हणतो जुने राखून मागे वाढवू. आणि मग हमखास विचारले जाते, की आपल्याच घराला हात लावण्यासाठी परवानगी कशाची व कोणाची? या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता असे दिसते की, राज्ये बदलली, कायदे बदलले, तरी आपल्याकडे घराच्या बांधकामावर कोणा ना कोणाची संमती घ्यावीच लागत असे. ती संमती कोण देतो आणि काय पाहून देतो, एवढेच बदलत गेले.

जुन्या महाराष्ट्रात गावाचे दोन भाग मानीत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीतील घरठाणावर कोणाचा हक्क, कोणाची भिंत कोठवर, यावर तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि शेजारीपाजारी यांच्या साक्षीने निवाडा होई व त्याचा कागद होई. तो महजर. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने (स्थापना १९१०) व इतर संशोधकांनी असे अनेक कागद छापले आहेत. ते वाचताना आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात येते. बाजाराच्या गावात, म्हणजे कसब्यात वा पेठेत, पाटील-कुळकर्ण्यांच्या जोडीला शेटे आणि महाजन असे दोन वतनदार असत. पेठ वसविणे, उदीम करणाऱ्यांना कौल देऊन बोलावणे, त्यांना दुकान-घरासाठी जागा नेमून देणे, ही कामे त्यांच्याकडे असत. दूरदूरच्या व्यापारी कुळांना नव्या पेठांत पाय रोवता आले, ते अशा कौलांच्या आधारे. घर बांधणे ही तेव्हा खासगी बाब नव्हती. पेठेत कोण राहणार आणि त्याची ओसरी रस्त्यावर किती येणार, हे पेठ ठरवीत असे.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. दुरुस्ती आणि वाढ या दोन गोष्टी जुन्या लोकांच्या मनात कधी एक नव्हत्या. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकणे, किलचणाची कुजलेली काडी बदलणे, भिंतीस गिलावा करणे, यासाठी कोणी कोणास विचारीत नसे. आपल्याकडे तर जीवदयेच्या विचाराने ही खणाखोदी चातुर्मासापूर्वीच उरकून घेण्याची रीत होती, आणि ती माळवदाच्याही सोयीची होती. परंतु एक खण वाढवावयाचा म्हटला की गोष्ट वेगळी. नवी भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला टेकणार, नव्या छपराच्या पागोळ्या त्याच्या अंगणात पडणार, पन्हाळ बोळात येणार, माडीची खिडकी दुसऱ्याच्या परसात उघडणार. वाढीसाठी संमती लागे ती या कारणाने. आजच्या कायद्याच्या पुस्तकांतील जाडजूड शब्द बाजूस सारले, तर मूळ मुद्दे अद्यापि हेच आहेत.

निजामी अमलात परवानगीस आणखी एक अंग आले. हैदराबाद संस्थानात प्रार्थनास्थळे नव्याने बांधणे वा जुनी दुरुस्त करणे यांसाठी धार्मिक खात्याची, म्हणजे उमूर-ए-मजहबीची, मंजुरी लागे. १९३८-३९ साली आर्य समाजाने संस्थानात जो सत्याग्रह केला, त्यातील प्रमुख तक्रारींत या मंजुरीचा जाच ही एक तक्रार होती. मंदिराच्या पडक्या भिंतीस हात लावण्यासाठी खात्याकडे अर्ज करून वाट पाहण्याचे ते दिवस होते, हे नव्या पिढीस सांगूनही पटणार नाही. वऱ्हाडातील कारंजा येथील जुनी दिगंबर मंदिरे पाहिली तर ती रस्त्यावरून घरासारखी दिसतात. लाकडावरील नक्षीचे सारे वैभव आत आहे. कारंजा निजामाच्या थेट अमलातून लवकर बाहेर पडले, त्यामुळे त्याचा संबंध या खात्याशी जोडणे बरोबर होणार नाही. पण घर आणि मंदिर यांच्यामधील रेषा आपल्या समाजात किती पुसट होती, ते तेथे कळते. ज्या घरात चैत्यालय असे, ते घर कुटुंबाचेही असे आणि समाजाचेही.

गृहचैत्यालयाचा विषय निघालाच आहे तर येथे थोडे थांबतो, कारण वाड्यात वाढीव बांधकाम करताना आपल्यापुढे येणारी एक अडचण दुसऱ्या कोणास येत नाही. प्रतिमेच्या वरती माणसाचा वावर असू नये, हा आपला दंडक. म्हणूनच जुन्या वाड्यांत चैत्यालय सहसा सर्वांत वरच्या मजल्यावर, अथवा ज्यावर मजला चढविलेला नाही अशा भागात असते. पुढील पिढीस त्याच जागी वर खोल्या काढावयाच्या झाल्या म्हणजे पेच पडतो. मग प्रतिमाजी गावच्या मंदिरात विराजमान कराव्या काय, यावर पंचांची बैठक होते. गावच्या पंचायतीच्या अर्जात या गोष्टीसाठी रकाना नाही, आणि असण्याचे कारणही नाही. तरी ज्यांनी नकाशा आधी काढून घेतला आणि समाजाच्या पंचांस नंतर विचारले, त्यांना काम मध्येच थांबवावे लागते. आधी बैठक, मग इंजिनियर, हाच क्रम शहाणपणाचा.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. घराच्या परवानगीच्या दृष्टीने मोलाचा ठरला तो १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. त्याच्या ५२ व्या कलमाने गावाच्या हद्दीत नवे बांधकाम अथवा पुन्हा बांधकाम करण्यापूर्वी पंचायतीची परवानगी घेणे आवश्यक केले. पंचायतीने ठरावीक मुदतीत, मुळात दोन महिन्यांत, होय किंवा नाही कळविले नाही तर परवानगी दिली असे धरावे, अशी सोयही त्यात ठेवली. गोतसभेचे काम अशा रीतीने निवडून आलेल्या पंचायतीकडे आले. फरक इतकाच की गोतसभेस घराचा पूर्वेतिहास तोंडपाठ असे. पंचायतीजवळ नमुना नंबर आठचा उतारा असतो. आणि तो उतारा कर आकारणीचा आहे. मालकीचा तो पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. वाटण्या तोंडी झालेल्या, उतारा आजोबांच्या नावावर आणि बांधकाम करणारा एकच नातू, अशा स्थितीत दिलेली परवानगी भावाभावांत दाव्याचे बीज पेरते.

परंतु मराठवाड्यातील वाड्यांचे भवितव्य कायद्याने जेवढे बदलले नाही तेवढे एका रात्रीने बदलले. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशी सरत होती, दशलक्षण पर्वाची सांगता होऊन उपवासकरी विसावले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीची भूमी हादरली. सरकारी आकड्यांप्रमाणे साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुतेक स्वतःच्या घराखाली गेली. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर माळवदाचा भार, हेच त्यांना मारक ठरले. त्या दिवसापासून साऱ्या मराठवाड्याने माळवदाचा धसका घेतला. लोक महिनोन् महिने अंगणात निजले, आणि पुढे ज्याला जमेल त्याने पत्रे घातले वा स्लॅब टाकला.

तज्ज्ञांनी नंतर जी पाहणी केली तिच्यातून एक गोष्ट पुढे आली, ती मात्र गावोगाव पोहोचली नाही. अनेक घरांत भिंती ढासळल्या, पण सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा राहिला. आपल्या जुन्या वाड्यांत छताचा भार भिंतीवर नसून खांबांवर असतो, भिंत ही आडोशासाठी. दोष होता तो भिंतीच्या बांधणीत. आतला दगड आणि बाहेरचा दगड यांना सांधणारा आरपार दगड घातलेला नव्हता, मधल्या पोकळीत माती व चुरा भरलेला होता, त्यामुळे भिंत उभी चिरून दोन्हीकडे पडली. दुसरा दोष दरवर्षीच्या डागडुजीचा. जुनी माती न काढता तिच्यावरच नवी माती टाकीत गेल्याने कित्येक माळवदे फूट-दोन फूट जाड झाली होती. म्हणजे आपण जिला काळजी समजत होतो तीच छताला पेलवेनाशी झाली होती. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात नवी गावे वसविण्याबरोबरच जुनी घरे मजबूत करण्याचाही भाग होता. माळवदाची माती कमी करणे, भिंतीत आरपार बांधणीचे दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणे, खांब-तुळईच्या सांध्यास तिरके टेकू देणे, असे उपाय सुचविले गेले. ते खर्चिक नव्हते. तरीही भीती एवढी होती की वाडे उतरविण्याचीच लाट आली. नक्षीचे खांब, तोळंबे, दिंडी दरवाजे वजनावर विकले गेले आणि शहरांतील हॉटेलांत व बंगल्यांत जाऊन बसले. वाडा पाडण्यास कोणी परवानगी मागितली नाही, आणि मागावी असे कोणास सुचलेही नाही.

याच सुमारास मुंबईत उलट दिशेने काही घडत होते. १९९५ साली मुंबईसाठी वारसा वास्तूंचे नियम लागू झाले आणि वास्तूंच्या श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीतील वास्तूला आवश्यक तेवढ्या डागडुजीपलीकडे हात लावावयाचा नाही. दुसऱ्या श्रेणीत आतील बदल चालतात, बाहेरच्या बदलांची छाननी होते, आणि तिच्या एका उपश्रेणीत त्याच आवारात जुन्याशी मेळ राखणारी वाढीव इमारत उभारता येते. तिसऱ्या श्रेणीत आतून, बाहेरून बदल व वाढ करण्यास मोकळीक अधिक, मात्र परिसराचा डौल बिघडू नये. आपल्याकडे सर्वसामान्य समजूत अशी असते की, घर वारसा यादीत गेले म्हणजे खिळाही ठोकता येत नाही. ती चुकीची आहे. जुन्या घरास नव्या खोल्या जोडता येतात हे त्या नियमांनी मान्य केले; कशा जोडाव्यात एवढाच त्यांचा आग्रह. राज्यासाठी २०२० साली जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यातही वारसा वास्तूंची तरतूद आहे. पण यादी झाल्याशिवाय ती लागू कशी होणार, आणि खेड्यातील वाड्याचे नाव यादीत घालण्यासाठी खटपट कोण करणार?

संरक्षित स्मारकाच्या शेजारी घर असेल तर गोष्ट अधिक कडक आहे. केंद्राच्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य आहे. तेथे १६ जून १९९२ पूर्वीचे घर असल्यास दुरुस्ती व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगीने बांधता येते. दुरुस्ती आणि वाढ यांतील आपला जुना भेद येथे मीटर आणि तारीख घालून कायद्यात आला. त्याची कसोटी २०२१ साली जुन्या गोव्यात लागली. संत काजेतान चर्चच्या परिसरात जुन्या घराच्या दुरुस्तीचा परवाना घेऊन प्रत्यक्षात नवा बंगला उभारला, असा आक्षेप घेऊन नागरिक आंदोलनास बसले. नगरनियोजन खात्याने दिलेली परवानगी मागे घेतली व प्रकरण न्यायालयात गेले. त्या वादाचा सारा भर एका प्रश्नावर होता. तेथे आधी काय उभे होते, किती लांबी-रुंदीचे, किती उंचीचे? जुन्या घराचे मोजमाप आणि छायाचित्र निर्विवाद असते, तर परवाना देणाऱ्यासही भूल पडली नसती आणि विरोध करणाऱ्यासही रस्त्यावर यावे लागले नसते.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे, पण मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे आहे. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली विद्यार्थी म्हणून राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन घेतले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले. पण राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे तर वापर बदलण्याची परवानगी स्थानिक कॅमडेन कौन्सिलकडून घ्यावी लागते. ती मागितली गेली २०१८ साली, म्हणजे उद्घाटनानंतर, आणि कौन्सिलने ती नाकारली. कारण असे दिले की शहरात राहण्यास घरे अपुरी असताना एक राहते घर कमी होते. शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दी आणि गोंगाटाची तक्रार केली होती. शासनाने अपील केले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे गृहनिर्माणमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. घराचे ऐतिहासिक मोल एका राहत्या घराच्या हानीपेक्षा मोठे ठरले. एका देशातील राज्य शासनास दुसऱ्या देशातील एका स्थानिक मंडळापुढे दोन वर्षे आपली बाजू मांडावी लागली, यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. पण विचारणा आधी झाली असती तर शेजारी विरोधक म्हणून उभे राहिले असते काय, असे मनात येतेच.

आपल्या संस्थांनी हे प्रकरण मुद्दाम वाचावे असे मला वाटते. दानात मिळालेला वाडा धर्मशाळा किंवा पाठशाळा म्हणून वापरावयाचा, त्यागीनिवासासाठी मागे खोल्या काढावयाच्या, असे बेत आपल्याकडे नेहमीच होतात. त्यात बांधकामाइतकाच वापराचा बदल आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे मिळालेल्या स्थावर मिळकतीची नोंद करण्यासाठी धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. दानपत्र पेटीत आणि वाडा मात्र अद्याप दात्याच्या नावावर, असे असेल तर पंचायत परवानगी देणार तरी कोणाच्या नावाने? विश्वस्तांना काम चालू झाल्यावर ही आठवण होते आणि तोवर दात्याच्या वारसांपैकी कोणी तरी हरकत घेऊन बसलेले असते.

२०२० नंतर चक्र पुन्हा गावाकडे फिरले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली. गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरमालकांना मालमत्ता पत्रके मिळू लागली. पांढरीची अशी शास्त्रशुद्ध मोजणी पूर्वी बहुतेक गावांत झालेलीच नव्हती. २०२१ साली ग्रामविकास विभागाने असे जाहीर केले की, ग्रामीण भागात सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी नगररचना कार्यालयाकडे जाण्याची आवश्यकता नाही. १६०० चौरस फुटांपर्यंत तर आवश्यक कागद व अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत सादर करणे पुरेसे आहे. सामान्य माणसाची खेटे घालण्यापासून सुटका झाली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर असेही झाले की, बहुतेक जुन्या वाड्यांच्या बाबतीत आता गावापलीकडे कोणी पाहणारा उरला नाही. ड्रोनला वरून माळवद दिसते. त्याखालचा नक्षीचा खांब, ढेलजेतील कोरीव चौकट, भिंतीतील बळद अथवा माडीवरची चैत्यालयाची वेदी दिसत नाही.

म्हणून ज्यांना जुने राखून नवे जोडावयाचे आहे त्यांनी अर्जासोबत, मागितले नसले तरी, आणखी काही कागद द्यावेत. वाड्याचा सध्याचा नकाशा मोजमापासह काढावा. चारही बाजूंची आणि आतील चौकाची छायाचित्रे तारखेसह लावावीत. काय राहणार आणि काय नव्याने होणार हे दोन रंगांत दाखवावे. शेजाऱ्यांची संमती पन्हाळ आणि मोरी कोठे निघणार हे लिहून घ्यावी. वाढ शक्यतो परसदारी करावी, रस्त्याकडील दर्शनी भाग व दिंडी दरवाजा तसाच ठेवावा. आणि जुन्या भिंतीवर स्लॅबचा भार न टाकता नव्या खोल्यांना स्वतंत्र पाया द्यावा. किल्लारीनंतर ही शेवटची गोष्ट निराळी सांगण्याची आवश्यकता नसावी, पण ती अद्याप सांगावी लागते. पंचायतीने हे कागद ठरावासोबत दप्तरी ठेवले तर पन्नास वर्षांनी कोणास तरी तो महजरासारखा उपयोगी पडेल.

दप्तराची आजची स्थिती कशी आहे ते नमुना नंबर आठवरून कळते. त्यात इमारतीच्या प्रकाराचा रकाना असतो. सागवानाच्या बारा खांबांचा, चिरेबंदी जोत्याचा, माडीवर चैत्यालय असलेला दोनमजली वाडा तेथे "दगड, विटा, माती" एवढ्या तीन शब्दांत बसतो. कर आकारणीच्या नियमांप्रमाणे इमारतीच्या वयानुसार घसारा धरून त्याचे मूल्य उतरत जाते. मागे काढलेली आरसीसीची एक खोली मात्र वरच्या दराने लागते. उताऱ्यावर पाहिले तर त्या आवारातील सर्वांत मोलाची वास्तू ती मागची खोली असते.